ड्रॅगनसाठी सह्याद्रीचा कडा: एका बेसचे साडेचार महिने

धनत्रयोदशीच्या दुपारी, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ ला, सोनकीच्या रानफुलाचा शेवटचा पिवळा ठिपका चिमट्याने चिकटवला आणि माझ्या ड्रॅगनच्या मॉडेलचा बेस, म्हणजे तो ज्यावर उभा राहतो तो देखावा, पूर्ण झाला. १ जूनला किट ऑर्डर केलं होतं, म्हणजे साडेचार महिने. मधल्या काळात मी बऱ्याचदा अडकले, कारण परदेशातले लोक जे सामान वापरून दाखवतात ते इथे त्या नावाने मिळत नाही, आणि पुण्याच्या पावसाळ्यात काय वाळतं आणि काय वाळत नाही हे कुणीच सांगत नाही. म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवतेय, मोठं मॉडेल घेऊन बेसपाशी थांबलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

मॉडेल म्हणजे रेझिनचा (कडक प्लास्टिकसारखा) ड्रॅगन, ११ भाग, जोडल्यावर उंची ३० सेमी, पंखांचा पसारा ३८ सेमी, वजन १ किलो ४०० ग्रॅम. पुढचे पंजे खडकाच्या कडेला रोवलेले, मान खाली वाकवून काहीतरी बघतोय. किटसोबत बेस नव्हताच, पंजांखाली फक्त मुठीएवढा खडकाचा तुकडा. किट आणि पाठवणावळ मिळून १४,३०० रुपये. १९ जूनला कुरियरकडून केवायसीचा मेसेज आला, आधार अपलोड केलं तर रिजेक्ट, कारण ऑर्डरवर मी माहेरचं आडनाव टाकलेलं आणि आधारवर सासरचं. मग पॅन, बिलाची पीडीएफ, पैसे भरल्याचा बँकेचा स्क्रीनशॉट आणि 'वैयक्तिक वापरासाठी' असं सही केलेलं पत्र, एवढं दिल्यावर चार दिवसांनी पुढे सरकलं. ड्युटी ४,८६० आणि वर हाताळणीचे ५९०, ते भरल्यावर २७ जूनला खोकं घरात. ऑर्डर करतानाच आधारवर जसं आहे तसंच नाव लिहा आणि बिल जपून ठेवा, माझा आठवडा त्यातच गेला.

२९ जूनला सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतले, वाळवले आणि मास्किंग टेपने नुसते जोडून पाहिले. ही पायरी कुणी गाळू नका. टेबलावर तो उभा केला आणि मी तासभर फक्त फिरून फिरून बघत होते, कुठून छान दिसतो, डोळे नक्की कुठे बघतात. डोळे डावीकडे खाली बघत होते. म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीतरी हवं, आणि तोच बेसचा विषय. हे मला आधी सुचलं नव्हतं, मी नुसता एक खडक करणार होते.

काय करायचं ते बाबांमुळे ठरलं. बाबा सध्या आमच्याकडे असतात. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या वाड्यात दरवर्षी किल्ला व्हायचा, विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेली पोती टाकायची, वर आळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवागार. बाबांनी ड्रॅगन पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा बसलाय कुठल्या गडावर ते आधी ठरव, मग दगड रचायला घे." मला ते एकदम पटलं. परदेशातल्या बेसवर जे टोकदार राखाडी सुळके असतात ते मी कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, ते मी दुसऱ्याच्या फोटोवरूनच केले असते. सह्याद्रीचा कडा मात्र मी पायाखाली घातलाय. फेब्रुवारीत हरिश्चंद्रगडावर गेलो होतो तेव्हाचे कोकणकड्याचे चाळीसएक फोटो फोनमध्ये होतेच, ते सगळे मोठे करून पाहिले.

आणि फोटोत असं काही दिसलं जे गडावर उभी असताना दिसलं नव्हतं. आपला खडक थराथरांचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला त्याचे हे आडवे थर. घट्ट बेसाल्टचा थर ताठ कड्यासारखा उभा राहतो, मऊ आणि भोकाभोकांचा थर झिजून उतार होतो, त्यावर माती आणि गवत, मग पुन्हा कडा. या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच मुळात स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या शब्दावरून आलाय. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये वीतभर लाल पट्टा असतो, आणि दगडात पांढरे ठिपके, म्हणजे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजं. हे सगळं मला बेसवर हवं होतं. आणि डावीकडे खाली, त्याच्या नजरेसमोर, गडावर असतं तसं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि टाक्याकडे उतरणाऱ्या सात पायऱ्या.

या पायऱ्यांमागे एक हिशोब आहे. ड्रॅगन केवढा मोठा हे नुसत्या ड्रॅगनवरून कळत नाही, शेजारी माणसाच्या मापाचं काहीतरी लागतं. मला माणूस ठेवायचा नव्हता, ठेवला की लगेच लढाईची गोष्ट होते. पायरी ठेवली की बघणाऱ्याचं मन आपोआप तिथे माणूस उभा करतं. ३२ मिमी उंचीच्या छोट्या पुतळ्यातल्या माणसाला साधारण ५ मिमी उंचीची पायरी बरोबर बसते, म्हणजे खरी पाव मीटरची, आणि त्या मापाने माझा ३० सेमीचा ड्रॅगन सोळा मीटर, पाच मजली इमारतीएवढा.

६ जुलैला खोक्याच्या पुठ्ठ्याचा कच्चा बेस केला. ड्रॅगन पट्टीच्या कडेवर आडवा-उभा तोलून त्याचा भार कुठे येतो ते शोधलं, तिथे टेपची खूण केली, आणि पुठ्ठ्याच्या बेसवर ठेवून त्या खुणेपासून दोरा आणि नट बांधून ओळंबा सोडला. ओळंबा बेसच्या बाहेर पडत होता! पंख पुढे असल्यामुळे भार सगळा पुढे. तसाच केला असता तर एक दिवस तोंडावर पडला असता. मग ड्रॅगन ४ सेमी मागे घेतला आणि बेस १८ चा २२ सेमी केला. पुठ्ठ्याला खर्च शून्य आणि वेळ एक रविवार, पण याच रविवारने मॉडेल वाचवलं असं मी म्हणेन.

मग फोम. थर्माकोल नको, कापताना त्याचे दाणे सुटतात आणि कोरीव काम होत नाही. हवा तो एक्सपीएस, घट्ट, दाणे नसलेला, गुलाबी किंवा निळा, गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात तो. ही दुकानं पूर्ण गठ्ठाच विकतात. तीन ठिकाणी नाही म्हणाले, चौथ्या ठिकाणी एका काकांनी ५० मिमीचे कडा तुटलेले दोन तुकडे २५० रुपयांना दिले. "कशाला हवंय?" विचारलं तेव्हा फोटो दाखवला, तर त्यांनी आतून अजून एक तुकडा आणून दिला. बोहरी आळीतून १८ मिमीच्या कटरची पाती, एरल्डाइट, एम-सील आणि ८ मिमीची लाकडी गोल काठी घेतली. सायकलच्या दुकानातून जुन्या आऱ्या (चाकाच्या तारा, स्पोक) घेतल्या, २ मिमी जाडीच्या, पिन म्हणून त्यांच्याइतकं मजबूत आणि स्वस्त काही नाही. नर्सरीतून ऑर्किडसाठी मिळते ती पाइनची साल, अर्धा किलो १२० रुपये. सालीचे थर अगदी आपल्या कातळासारखे दिसतात. घरी आणून ओव्हनमध्ये १०० डिग्रीला अर्धा तास ठेवली, आत किडे असतात.

१३ जुलैला फोमचे तीन थर फेव्हिकॉलने एकमेकांवर चिकटवले, वर पुस्तकांची चळत ठेवली. चार दिवसांनी सरकवून पाहिलं तर आत तसंच ओलं. चूक माझी होती, या गोंदाला वाळायला हवा लागते आणि दोन फोमच्या मध्ये हवा जातच नाही, त्यात जुलैचा पाऊस. सगळं उकलून पुसलं आणि एरल्डाइटने परत चिकटवलं, रात्रभरात पक्कं. फेव्हिक्विक मात्र फोमला लावू नका, फोम वितळतो.

खाली १२ मिमी प्लायवूडचा तुकडा आणि त्यातून दोन लाकडी काठ्या वर फोममध्ये, अगदी ड्रॅगनच्या मागच्या पायांच्या जागेपर्यंत. दीड किलोचं मॉडेल नुसत्या फोममध्ये पिना खुपसून उभं राहत नाही, हळूहळू भोकं सैल होतात आणि ते कलतं. पिन लाकडात गेली पाहिजे, फोम फक्त दिसण्यासाठी.

ऑगस्टचे पहिले दोन रविवार कोरण्यात गेले आणि ते दिवस मला सगळ्यात आवडले. पातं नवीन पाहिजे, बोथट झालं की फोम फाटतो, मी दोन रविवारांत अकरा पाती वापरली. आधी कड्याचा मोठा आकार, मग आडव्या भेगा, मग उभ्या. उभ्या भेगा सरळ रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, एका थरातली भेग दुसऱ्यात पुढेमागे सरकते. मग गॅलरीतल्या कुंडीतला एक खरा काळा दगड घेऊन फोमवर दाबत गेले, त्याचाच पोत उमटतो. तारेच्या ब्रशने उतारावर ओरखडे. पायऱ्या पट्टीने मोजून कापल्या आणि नंतर मुद्दाम मधून थोड्या झिजवल्या, शेकडो वर्षं लोक पाण्याला उतरलेत तिथे. टाकं ६ बाय ४ सेमी, ८ मिमी खोल. बाबा चष्मा लावून बघत होते, म्हणाले, "यात पाणी येतं कुठून?" बरोबर होतं त्यांचं, गडावरच्या टाक्यांना वरच्या उतारावरचं पाणी वळवायला कातळात पन्हळ खोदलेली असते. मग दीड मिमीची पन्हळ वरपासून टाक्यापर्यंत कोरली. आता बेसवर माझी सगळ्यात आवडती रेषा तीच आहे.

वर फेव्हिकॉल, पाणी, बारीक वाळू आणि थोडं पीओपी यांचा लेप. वाळू बांधकामावरची, धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने गाळलेली.

१५ ऑगस्टची सुट्टी पकडून प्राइमर, म्हणजे रंगाच्या आधीचा स्प्रेचा थर. स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम खातं हे माहीत होतं, म्हणून आधी काळा अक्रिलिक आणि फेव्हिकॉल मिसळून ब्रशने दोन हात दिले होते. पण कड्याच्या पोटाखालची, वरून न दिसणारी बाजू एका ठिकाणी राहिली. स्प्रे तिथे पोचला आणि डोळ्यांदेखत फोम फसफसत आत गेला, सुपारीएवढा खड्डा. खूप वाईट वाटलं, त्या दिवशी पुढे हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी एम-सील भरून ओल्या बोटाने पोत दिला आणि आता कुठे होतं ते मला शोधावं लागतं. लेप दिल्यावर बेस उलटा करून मोबाइलच्या टॉर्चने खालून बघा, एवढं करा. आणि भर पावसात स्प्रे मारूच नका, दमट हवेत प्राइमर खरखरीत बसतो. पुढचा सगळा मी ब्रशनेच केला.

गणपतीत, २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, काहीच काम नाही. तसंही प्लिंथ, म्हणजे बेसच्या खालचा लाकडी ठोकळा, अडकला होता. २० जुलैला आमच्या ओळखीच्या सुतारकाकांना २२ बाय २२ सेमी, ४ सेमी जाडीचा सागवानाचा तुकडा सांगितला होता, ९०० रुपये ठरले. आधी लाकूड ओलं म्हणून थांबले, मग मखरांची कामं आली, मग चपड्याचं पॉलिश केलं तर दमट हवेत ते पांढरट पडलं, म्हणून त्यांनीच ते काढून उन्हाची वाट बघितली. १४ सप्टेंबरला मिळाला. आठ आठवडे झाले पण त्यांनी घाई केली नाही हे बरंच झालं, कडा इतक्या सुरेख उतरवल्यात की मी रोज हात फिरवते. प्लिंथ सांगायचा असेल तर एप्रिलमध्येच सांगा.

रंगाबद्दल एकच आग्रहाने सांगते, काळा आणि पांढरा मिसळून राखाडी करू नका. तो निळसर, सिमेंटसारखा दिसतो. मी काळ्यात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घातला आणि उजळ करायला पांढऱ्याऐवजी फिकट बदामी, मग तो आपल्या कातळाचा झाला. वरून ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका रंग, भेगांत पातळ केलेला गडद तपकिरी वॉश. थरांमधल्या लाल पट्ट्याला रंग नाही, चक्क गेरू, तुळशीवृंदावनाला लावायला आणलेला उरला होता, पाण्यात कालवून त्यात थेंबभर फेव्हिकॉल. खालच्या कड्यावर गेरूचे अगदी पुसट ओघळ, पावसाने उतरतात तसे. पांढरे ठिपके केस विस्कटलेल्या जुन्या ब्रशने शिंपडले, पण फक्त एका थरात, सगळीकडे शिंपडले की नुसता डाग पडल्यासारखा दिसतो. ड्रॅगन तांबूस-हिरवा रंगवला होता (त्याच्या रंगकामाबद्दल वेगळं लिहीन), त्याच्या पंजांवर आणि शेपटीखाली हाच कातळाचा बदामी धुळीसारखा ड्रायब्रश केला. तोपर्यंत तो बेसवर ठेवलेला वाटत होता, धूळ लागल्यावर तिथे राहणारा वाटायला लागला.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी कटर, ब्रश, हातड्रिल यांची पूजा केली आणि दुपारी ड्रॅगन बसवला. मागच्या दोन्ही पायांत २ मिमीचं भोक, त्यात आरीचे ४ सेमीचे तुकडे एरल्डाइटने पक्के. बेसवर भोक नेमकं कुठे पाडायचं? पिनेच्या टोकाला ओलं कुंकू लावलं आणि ड्रॅगन जागेवर अलगद टेकवला, जिथे लाल ठिपका उमटला तिथे ड्रिल. पहिल्याच वेळी बसला. हात मात्र थरथरत होते, मुलगा दोन्ही हातांनी पंख धरून श्वास रोखून उभा होता. रात्रभर पुस्तकांचा टेकू.

गवतासाठी स्टॅटिक ग्रास, म्हणजे बारीक धाग्यांचं नकली गवत, मागवलं, ६ मिमी, दोन छटा, ४८० रुपये. ते उभं राहावं म्हणून विजेचं यंत्र लागतं, महाग आहे, म्हणून डास मारायच्या जुन्या रॅकेटचं केलं. जाळीकडे जाणारी एक तार चहाच्या स्टीलच्या गाळणीला, दुसरी खिळ्याला, खिळा ओल्या गोंदात टोचायचा, गाळणीत गवत घेऊन वर हलवायचं, की गवत ताठ उभं राहून खाली पडतं. नवरा इलेक्ट्रिकलवाला आहे, जोडणी त्यानेच केली. बटण सोडल्यावरही आत चार्ज राहतो, गाळणी आणि खिळा एकमेकांना टेकवून तो उतरवा, मगच हात लावा, आणि लहान मुलांना लांब ठेवा. गवत फक्त उतारांवर आणि भेगांत लावलं, ताठ कडा उघडा ठेवला, फोटोत तसंच आहे. हंगाम पावसानंतरचा, गवत शेंड्याला पिवळं पडू लागलेलं, म्हणून टोकांना ओकरचा (मातकट पिवळ्याचा) हलका हात, आणि मध्येमध्ये सोनकी, स्पंजचा भुगा पिवळा रंगवून. खरं शेवाळं लावू नका, काही महिन्यांत तपकिरी होतं.

शेवटी पाणी. दोन भागांचं एपॉक्सी, ७ ऑक्टोबरला अंदाजाने मिसळून ओतलं आणि तीन दिवसांनीही बोटाला चिकटत होतं. मग वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून, पाच मिनिटं सावकाश ढवळून २ मिमीचा नवा थर वर दिला, तो काचेसारखा झाला. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त ओतू नका, वाळताना ते तापतं आणि खाली फोम आहे. टाक्याला आधी आतून फेव्हिकॉलचे दोन हात द्या, नाहीतर झिरपतं. पहिल्या थरात थेंबभर हिरवा टाकला होता, गडावरच्या टाक्यातलं पाणी तसंच दिसतं, थंड आणि थोडं हिरवट.

मग खालून दोन स्क्रूने प्लायवूड प्लिंथला आवळलं आणि प्लिंथवरचा मास्किंग टेप काढला. बेसचा खर्च ३,७०० च्या आसपास झाला, त्यात प्लिंथ, गवत आणि एपॉक्सी मिळून निम्म्याहून जास्त.

आता धुळीचा प्रश्न आहे. अक्रिलिकचं कव्हर सांगितलंय, ३ मिमी शीटचं, पंखांच्या दोन्ही बाजूंना २ सेमी मोकळं सोडून, २,६०० रुपये, दिवाळीनंतर मिळेल. तोपर्यंत रात्री आईची जुनी मलमलची ओढणी घालते, आणि सकाळी उठल्यावर बाबा चहा घ्यायच्या आधी ती काढून ठेवतात.